शेतावरचा सेन्सर घरी ‘ऑनलाइन’ दिसतो, पण आकडा हलत नाही

मांडणी अशी आहे. नाशिकला गंगापूर रोडला घर, तिथे रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर होम असिस्टंट, म्हणजे सगळी स्मार्ट उपकरणं एका स्क्रीनवर आणणारा सर्व्हर. दिंडोरी तालुक्यात द्राक्षबाग, तिथल्या शेडमध्ये दुसरा रास्पबेरी पाय आणि त्यावर दुसरं होम असिस्टंट. दोन्हीकडे आपापलं झिगबी डोंगल (सेन्सरांशी बिनतारी बोलणारं), त्या बोलण्याचे एमक्यूटीटी संदेश करणारं झिगबी-टू-एमक्यूटीटी आणि ते संदेश ज्याला हवेत त्याला वाटणारा मॉस्किटो ब्रोकर. मधे इंटरनेटवरून दोन्ही नेटवर्कं जोडणारा वायरगार्डचा बोगदा (व्हीपीएन). शेतावर थोरला भाऊ असतो, त्याला सगळं समोर दिसतं. घरी बसलेल्यांना कोल्ड रूमचं तापमान, शेडच्या दाराचा सेन्सर आणि पंपाचा रिले घरच्याच स्क्रीनवर हवा असतो, म्हणून दोन्ही सर्व्हर जोडलेले.

त्रास असा, की शेतावर लाइट गेली की घरच्या स्क्रीनवर काहीच बदलत नाही. कोल्ड रूम १.२ अंशावर, सेन्सर ऑनलाइन, सगळं हिरवं. तासाभरानं भावाचा फोन येतो, “अरे, इथे कंप्रेसर बंद आहे, तुला दिसत नाही का?” सर्व्हर रिस्टार्ट केला की सगळं ठीक होतं आणि पुढच्या वेळी लाइट गेली की पुन्हा तेच. फेब्रुवारी-मार्चमध्ये खोलीत माल भरलेला असतो. निर्यातीची द्राक्षं शून्य ते एक अंशाच्या आसपास ठेवायची असतात आणि तेव्हा खोटा आकडा दाखवणारी स्क्रीन ही नसलेल्या स्क्रीनपेक्षा वाईट, कारण तिच्या भरवशावर कोणी उठून बघायला जात नाही.

अशा जोडणीतले बिघाड वरून सारखेच दिसतात, पण कारणं वेगवेगळी असतात. म्हणून आधी लक्षण नीट ओळखायचं, मग हात लावायचा.

आधी एक गोष्ट पक्की करा

झिगबीचं उपकरण एका वेळी एकाच नेटवर्कमध्ये राहतं आणि एका नेटवर्कला एकच कोऑर्डिनेटर (आपल्याकडे ते डोंगल) असतो. त्यामुळे एकच सेन्सर दोन्ही सर्व्हरना थेट पेअर करणं शक्य नाही. दुसरीकडे पेअर केला की तो पहिल्याकडून सुटतो. मॅटर या दुसऱ्या मानकात एक उपकरण अनेक प्रणालींना जोडता येतं, झिगबीत ती सोय नाही. दुसरा एक प्रयत्न होतो तो म्हणजे लॅन केबलवर चालणारं कोऑर्डिनेटर घ्यायचं आणि दोन्ही सर्व्हरना त्याचाच पत्ता द्यायचा. तेही चालत नाही. अशी कोऑर्डिनेटरं एका वेळी एकाच सर्व्हरशी बोलतात. दोघं भांडत राहतात आणि दोन्हीकडचं नेटवर्क पडतं. शेतावरचं कोऑर्डिनेटर बोगद्यातून थेट घरच्या सर्व्हरला जोडण्याच्या फंदातही पडू नका. त्या सीरियल संवादाला डेटाची पाकिटं हरवणं किंवा उशिरा पोचणं सहन होत नाही आणि फोरजीच्या लाइनवर हे दोन्ही रोजचं आहे.

म्हणजे वाटून घ्यायचे ते संदेश. उपकरणाचा मालक एकच सर्व्हर, दुसऱ्याला फक्त त्याच्या बातम्या मिळतात आणि मोजक्या आज्ञा देता येतात. पुढचं सगळं याच नियमावर उभं आहे.

आकडा थिजतो तो का

एमक्यूटीटीमध्ये ‘रिटेन’ केलेला संदेश ब्रोकर जपून ठेवतो. ग्रामपंचायतीच्या फळ्यावरची सूचना जशी कोणी पुसेपर्यंत राहते, तसा. झिगबी-टू-एमक्यूटीटी सुरू झालं की ‘ऑनलाइन’ असा रिटेन संदेश टाकतं आणि ब्रोकरला एक ‘लास्ट विल’ देऊन ठेवतं: मी अचानक गेलो तर माझ्या नावानं ‘ऑफलाइन’ जाहीर कर.

आता ही लास्ट विल कोणत्या ब्रोकरकडे आहे ते बघा. शेतावरच्या. घरचा ब्रोकर शेतावरच्या झिगबी-टू-एमक्यूटीटीला ओळखतच नाही, त्याला फक्त पुलावरून, म्हणजे दोन ब्रोकरमध्ये संदेशांची ने-आण करणाऱ्या मॉस्किटोच्या ब्रिजवरून आलेल्या प्रती मिळतात. शेतावरची लाइट गेली की झिगबी-टू-एमक्यूटीटी आणि ब्रोकर एकदमच बंद पडतात, ‘ऑफलाइन’ जाहीर करायला कोणी उरतच नाही. नुसतं इंटरनेट गेलं तरी फरक पडत नाही. पूलच तुटलेला असल्यानं घरापर्यंत काही पोचत नाही. घरच्या ब्रोकरकडे शेवटचा ‘ऑनलाइन’ तसाच राहतो आणि होम असिस्टंट त्यावर विश्वास ठेवतं. सगळे भाग आपापल्या जागी बरोबर चाललेले असतात, म्हणून लॉगमध्ये लाल अक्षरं शोधत बसून काही सापडत नाही.

यावर इलाज पुलालाच स्वतःची लास्ट विल देणं हा आहे. मॉस्किटोच्या ब्रिजमध्ये ‘नोटिफिकेशन्स’ चालू ठेवा आणि ‘नोटिफिकेशन टॉपिक’ला स्पष्ट नाव द्या (टॉपिक म्हणजे संदेश ज्या नावाखाली जातो ते). समजा ‘शेत-पूल’. पूल चालू असला की त्या टॉपिकवर १ येतो, तुटला की घरचा ब्रोकर स्वतःच ० जाहीर करतो. कीप-अलाइव्ह, म्हणजे ‘मी आहे’ असं कळवण्याचं अंतर, ६० सेकंदांचा असेल तर ब्रोकर त्याच्या दीडपट, म्हणजे ९० सेकंद वाट पाहतो. तेवढ्यात घरी कळतं.

मग हा टॉपिक सेन्सरला जोडायचा. आपोआप सापडलेल्या सेन्सरवर तो सहजी बसत नाही, म्हणून जी दोन-चार उपकरणं खरोखर महत्त्वाची आहेत, त्यांच्यासाठी घरच्या होम असिस्टंटमध्ये हातानं एमक्यूटीटी सेन्सर लिहा. अव्हेलेबिलिटीच्या (उपकरण उपलब्ध आहे की नाही, त्याच्या) यादीत दोन टॉपिक द्या, एक झिगबी-टू-एमक्यूटीटीचा आणि दुसरा ‘शेत-पूल’. मोड ‘ऑल’ ठेवा. दोन्ही चालू असतील तरच सेन्सर उपलब्ध. दुसऱ्या टॉपिकसाठी उपलब्ध म्हणजे १ आणि अनुपलब्ध म्हणजे ० हे वेगळं सांगावं लागतं, ते विसरलात तर सेन्सर कायम अनुपलब्धच दिसेल. बाकीच्या उपकरणांसाठी एवढी मेहनत नको. पुलाचा एक बायनरी (चालू किंवा बंद एवढंच दाखवणारा) सेन्सर करा, तो पाच मिनिटं बंद राहिला तर फोनवर सूचना येऊ द्या.

इथे काम संपलं असं वाटतं, पण अजून दोन चोरवाटा आहेत.

पहिली: झिगबी-टू-एमक्यूटीटीत उपकरणांची अव्हेलेबिलिटी वेगळी चालू करावी लागते आणि चालू केल्यावरही बॅटरीवरच्या उपकरणांना मूळ मुदत १५०० मिनिटांची, म्हणजे २५ तासांची असते. विजेवरच्यांना १० मिनिटं. कोल्ड रूममधल्या बॅटरी सेन्सरचा सेल सकाळी संपला तर तो दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ऑनलाइनच दिसेल. या सेन्सरची मुदत कमी करा, पण फार कमीही नको. तापमान स्थिर असेल तर असे सेन्सर बराच वेळ गप्प बसतात. दोन तासांच्या आसपासची मुदत मला योग्य वाटते.

दुसरी वाट जास्त फसवी आहे. लाइट परत आली की झिगबी-टू-एमक्यूटीटी सुरू होताना आपल्या साठवणीतले जुने आकडे पुन्हा पाठवतं. घरी ते ताज्या संदेशासारखे दिसतात आणि ‘एक्स्पायर आफ्टर’ची, म्हणजे ठरावीक वेळ संदेश आला नाही तर सेन्सर अनुपलब्ध करणारी, घड्याळंही नव्यानं चालू होतात. लाइट तीन तास गेलेली असेल तर खोली तापलेली असते आणि स्क्रीनवर १.२. सुरुवातीला जुनी स्थिती पाठवण्याचा हा पर्याय सेटिंगमध्ये बंद करता येतो. शेतावरच्या सर्व्हरवर तो बंदच ठेवा. सोबत ‘लास्ट सीन’ चालू करा आणि स्क्रीनवर तापमानाच्या शेजारी ‘शेवटचं कधी बोलला’ हेही दाखवा. घरातल्या मोठ्यांना अव्हेलेबिलिटी समजावत बसावं लागत नाही, ‘तीन तासांपूर्वी’ एवढं वाचलं की त्यांना कळतं.

लाइट आली, पण बोगदा येत नाही

हे वेगळं दुखणं आहे. शेतावर लाइट आली, नेट चालू आहे, भावाला तिथला सर्व्हर दिसतो, पण पूल तुटलेलाच. अर्ध्या-पाऊण तासानं कधी आपोआप जुळतो, कधी जुळतच नाही.

यात सगळ्यांत आधी घड्याळ बघा. रास्पबेरी पाय ४ आणि त्याआधीच्या मॉडेलांत बॅटरीवर चालणारं घड्याळ नाही. पाय ५ मध्ये आहे, पण त्याची बॅटरी वेगळी लावावी लागते. लाइट गेल्यावर बोर्डाला वेळ कळत नाही, तो शेवटी साठवलेल्या वेळेपासून मोजायला लागतो. वायरगार्डच्या हँडशेकमध्ये, म्हणजे जोडणी जुळवतानाच्या ओळखीत, वेळेचा शिक्का असतो. जुनी पाकिटं कोणी पुन्हा पाठवू नयेत म्हणून समोरचा आधीपेक्षा पुढचाच शिक्का स्वीकारतो. घरचा सर्व्हर इन्व्हर्टरवर असल्यानं बंद पडलेला नाही, त्याला शेवटचा शिक्का आठवतो आहे. शेताकडून त्याच्या मागची वेळ आली की तो काही न बोलता पाकीट टाकून देतो. शेतावरच्या बोर्डाला इंटरनेटवरून खरी वेळ मिळाली की बोगदा जुळतो.

खरी अडचण तेव्हा होते जेव्हा शेतावरचा सगळा ट्रॅफिक, निदान डीएनएस (नावावरून पत्ता विचारणं) तरी, बोगद्यातून पाठवलेला असतो. वेळेशिवाय बोगदा नाही आणि बोगद्याशिवाय वेळ नाही. वायरगार्डच्या ‘अलाउड आयपी’मध्ये, म्हणजे बोगद्यातून जायच्या पत्त्यांच्या यादीत, सगळं जग घालू नका, फक्त घरचं नेटवर्क घाला. म्हणजे वेळ बाहेरूनच मिळेल. आणि बोर्डाला आरटीसीचं, म्हणजे बॅटरीवरच्या घड्याळाचं, छोटं मॉड्यूल लावा. स्वस्त वस्तू आहे आणि हे दुखणं मुळापासून जातं.

घड्याळ बरोबर असेल तर पत्ता बघा. घराच्या कनेक्शनचा पब्लिक आयपी बदलतो म्हणून आपण बदलत्या पत्त्याच्या मागे राहणारं डायनॅमिक डीएनएसचं नाव देतो, पण वायरगार्ड ते नाव बोगदा उभा करतानाच एकदा विचारतो. नंतर घरचा आयपी बदलला तरी शेत जुन्याच पत्त्यावर हाका मारत बसतं. पाच मिनिटांनी हँडशेक तपासून जुना असेल तर नाव पुन्हा विचारणारी छोटी स्क्रिप्ट लावली की भागतं. घराला सीजी-नॅटमागचं (अनेक ग्राहकांत एकच पब्लिक आयपी वाटलेलं) कनेक्शन असेल, म्हणजे राउटरच्या वॅन (इंटरनेटच्या) बाजूला १०० पासून सुरू होणारा, १००.६४ ते १००.१२७ मधला पत्ता दिसत असेल, तर बाहेरून आत येताच येत नाही. तेव्हा स्थिर आयपी मागून घ्या किंवा टेलस्केलसारखी सोय वापरा. दोन्हीकडे सीजी-नॅट असेल तर नुसत्या वायरगार्डवर वेळ घालवू नका. शेताच्या बाजूला ‘पर्सिस्टंट कीप-अलाइव्ह’ २५ सेकंद ठेवा, नाहीतर मोबाइल नेटवर्क गप्प बसलेला रस्ता बंद करून टाकतं.

दोन्हीकडचे राउटर १९२.१६८.१ याच पट्ट्यातले असतील तर बोगदा जुळूनही काही पोचणार नाही, कारण प्रत्येक बाजूला वाटतं समोरचा पत्ता आपल्याच घरात आहे. शेतावरचा पट्टा १९२.१६८.२० करा. ब्रोकरला राउटरमध्ये डीएचसीपी रिझर्व्हेशन, म्हणजे न बदलणारा पत्ता, द्या. आणि ब्रिजमध्ये ‘डॉट लोकल’चं नाव कधीही लिहू नका, ते नाव शोधणारे संदेश बोगदा ओलांडत नाहीत.

एक लक्षण मात्र लोकांना हमखास चकवतं. पिंग जातो, ब्रोकरमध्ये लॉगिन होतं, लहान आकडेही येतात, पण नवीन उपकरणांची यादी येत नाही किंवा जोडणी मोठा संदेश आला की अडकते. हा एमटीयूचा, म्हणजे एका पाकिटात जास्तीत जास्त किती डेटा मावतो त्याचा, प्रश्न. वायरगार्डचा एमटीयू दोन्हीकडे १२८० करा. पासवर्ड बदलण्यात आणि इंटिग्रेशन पुन्हा बसवण्यात संध्याकाळ घालवण्याआधी हे एक करून बघा.

पंप आपोआप सुरू झाला तर

हा भाग कोणी गाळू नये अशी माझी कळकळीची विनंती आहे, कारण यात माणसाला इजा होऊ शकते.

पूल क्वालिटी-ऑफ-सर्व्हिस १ वर (संदेश पोचल्याची खात्री करणारी पातळी) आणि ‘क्लीन सेशन’ (जुळताना जुनं सगळं विसरणं) बंद ठेवून लावला असेल, तर पूल तुटलेला असताना दिलेल्या त्याच पातळीच्या आज्ञा ब्रोकर रांगेत ठेवू शकतो. घरून कोणी चारदा ‘पंप चालू’ दाबलं, काही झालं नाही म्हणून सोडून दिलं. दोन तासांनी लाइट आणि नेट आलं की ती रांग शेतावर पोचते आणि पंप सुरू होतो. त्या वेळी कोणी विहिरीवर पाइप जोडत असेल, स्टार्टर उघडून बसलं असेल.

आज्ञांचे टॉपिक नेहमी ० वर ठेवा आणि क्लीन सेशन चालू ठेवा. पोचली तर आत्ता, नाहीतर कधीच नाही. आज्ञेवर रिटेन तर चुकूनही नको. रिटेन केलेली आज्ञा पूल प्रत्येक वेळी जुळला की पुन्हा बजावली जाते. लाइट आल्यावर रिलेनं बंदच राहावं ही सेटिंग बहुतेक रिलेमध्ये असते, तीही लावा. मोटरचा भार झिगबी रिलेवर थेट देऊ नका, तो जड भार पेलणाऱ्या कॉन्टॅक्टरवरून घ्या. आणि स्टार्टरवर काम करणाऱ्यानं मेन स्विच पाडूनच काम करायचं, हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक असू द्या.

खरं तर पंप आणि कंप्रेसरचं सगळं ऑटोमेशन शेतावरच्याच सर्व्हरवर असावं. घरचा सर्व्हर बघण्यासाठी. तापमान वाढलं की सायरन वाजवायचा निर्णय नाशिकमधून जाऊन-येऊन का व्हावा? बोगदा तुटला तरी शेडमधला सायरन वाजलाच पाहिजे.

दिवा चालू-बंद-चालू-बंद

कारण बहुधा एकच: दोन्ही ब्रोकरवर ब्रिज लिहिलेला आहे आणि सगळे टॉपिक दोन्ही दिशांनी सोडले आहेत. संदेश गोल फिरत राहतो. ब्रिज एकाच बाजूला लिहा. शेताकडून जोडणी सुरू होणं सोयीचं, म्हणून शेतावर. दोन्ही झिगबी-टू-एमक्यूटीटींचे बेस टॉपिक वेगळे ठेवा, मूळ नाव दोन्हीकडे सारखंच असतं. शेतावरचा समजा ‘शेत’. शेताकडून ‘शेत’खालची स्थिती आणि डिस्कव्हरीचे (नव्या उपकरणांची ओळख देणारे) संदेश फक्त बाहेर, घराकडून ‘शेत’खालच्या फक्त ‘सेट’ आणि ‘गेट’ या आज्ञा आत. बाकी काहीही नाही.

जोडणी दर काही सेकंदांनी तुटते आणि लगेच जुळते असं असेल, तर घरच्या मॉस्किटोचा लॉग उघडा. क्लायंट आधीच जोडलेला आहे, जुनी जोडणी बंद करतो, अशा अर्थाच्या ओळी दिसल्या तर दोन ठिकाणं एकाच क्लायंट आयडीनं (जोडणाऱ्याच्या ओळखीनं) येत आहेत. ब्रिजचा मूळ आयडी होस्टनेम आणि जोडणीचं नाव मिळून बनतो. बागेचा सर्व्हर तयार झाला, त्याचंच एसडी कार्ड कॉपी करून पॅकहाउसला लावलं, की दोघांचा आयडी एक. एमक्यूटीटीच्या नियमानुसार नवा आला की जुन्याला बाहेर काढलं जातं, मग जुना परत येतो आणि नव्याला काढतो. प्रत्येक ठिकाणाला वेगळा रिमोट क्लायंट आयडी द्या. कार्ड कॉपी केलं असेल तर वायरगार्डची किल्लीही नवी बनवा, तिथेही हीच मारामारी चालू असते.

शेतावरून काढून टाकलेलं उपकरण घरी भुतासारखं राहत असेल, तर तो घरच्या ब्रोकरवरचा रिटेन केलेला डिस्कव्हरी संदेश आहे. त्याच टॉपिकवर रिकामा रिटेन संदेश पाठवला की जातो.

मोजकीच उपकरणं दाखवायची असतील तर पुलाऐवजी रिमोट होम असिस्टंट हे इंटिग्रेशन पुरेसं आहे. त्याची जोडणी (वेबसॉकेट) तुटली की जुना आकडा खोटा ऑनलाइन म्हणून टिकत नाही. फक्त उपकरणांच्या नावांना (एंटिटींना) प्रीफिक्स द्या, नाहीतर घरचं ‘हॉल तापमान’ आणि शेतावरचं ‘हॉल तापमान’ एकमेकांवर चढतात.

पूल ठीक, तरी एकच सेन्सर मेलेला

मग दोष शेडमध्येच आहे. कोल्ड रूमच्या पफ पॅनेलला (फोमच्या भिंतीला) दोन्ही बाजूंनी पत्रा असतो, त्यातून २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल जेमतेम निघतो. खोलीच्या दाराशी एक विजेवरचं झिगबी उपकरण राउटर म्हणून, म्हणजे सेन्सरांचे संदेश पुढे पोचवायला, हवं. ते इन्व्हर्टरच्या लाइनवर लावा. शेतीचा थ्री फेज पुरवठा पाळीनं येतो. हा झिगबी राउटर त्या लाइनवर असला तर पाळी संपली की त्याच्या आधारानं बोलणारे सगळे बॅटरी सेन्सर पोरके होतात आणि त्यांतले काही लाइट आल्यावरही लवकर परत येत नाहीत. थंडीत नाणेसेलचा व्होल्टेज उतरतो, त्यामुळे बॅटरीचा टक्का शून्य अंशावर फारसा खरा मानू नका. जमलं तर ट्रिपल-ए सेलचा किंवा बाहेर बसून आत केबलनं प्रोब सोडणारा सेन्सर घ्या. डोंगल यूएसबी ३ च्या पोर्टला चिकटवलेलं असेल तर ते मीटरभर एक्स्टेन्शन केबलवर लांब न्या, त्या पोर्टचा गोंगाट याच पट्ट्यात पडतो. वायफाय ११ नंबरवर असेल तर झिगबीला २५ नंबरचा चॅनेल बरा, पण चॅनेल बदलल्यावर काही उपकरणं पुन्हा पेअर करावी लागतील हे धरूनच बसा.

सगळं झाल्यावर शेतावरच्या इंटरनेट राउटरचा प्लग खरोखर उपटून बघा. दोन मिनिटांत घरी कोल्ड रूम अनुपलब्ध दिसली पाहिजे, त्यानंतर पाच मिनिटांनी सूचना आली पाहिजे. नंतर सर्व्हरचीही लाइट पाडा, अर्धा तास थांबा, परत द्या आणि ‘लास्ट सीन’ची वेळ शेतावरच्या माणसाला फोनवर विचारून ताडून बघा. ही चाचणी ऑक्टोबर छाटणीच्या दिवसांत, खोली रिकामी असताना करा. आत माल असताना नको.